उरलेली चिठ्ठी

आमची धाकटी जन्माचीच नशीबवान, असं अख्खं गोदाम म्हणायचं. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. नशीबवान मुलीची आई तिच्या पाचव्या वर्षी मरत नाही. पण लोकांना एकदा एखादा शब्द सापडला की ते तो झिजेपर्यंत वापरतात.

मी काट्यावर काम करते. गोदामाच्या फाटकाशी मोठा वजनकाटा आहे. भरलेला ट्रक त्यावर उभा राहतो, मी आकडा लिहून घेते. माल उतरवून तो रिकामा परत आला की पुन्हा आकडा लिहिते, वजाबाकी करते आणि पावती फाडते. अकरा वर्षं हेच चाललंय. ड्रायव्हर लोक मला पाठीमागे 'कडू बाई' म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे. गोड बोलून काट्यावरचा आकडा बदलत नाही, मग गोड बोलून करायचं काय? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी माझ्या बापाबद्दल बोलणार आहे, आणि माझ्या बापाइतका सरळ माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बाबा त्याच गोदामात मुकादम होते. त्यांच्या हाताखाली साठ-सत्तर हमाल. सकाळी फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागलेली असायची, आणि कुणी कोणता ट्रक उतरवायचा हे मुकादमानं ठरवायचं. एका ट्रकात बिस्किटांचे खोके, दुसऱ्यात सिमेंटच्या गोण्या, मजुरी दोन्हीला सारखीच. बाबांच्या आधीचा मुकादम बिस्किटं आपल्या मेव्हण्यांना द्यायचा आणि सिमेंट उरलेल्यांना. बाबांनी आल्या आल्या ते बंद केलं. प्रत्येक हमालाच्या नंबराचा पितळी बिल्ला बनवून घेतला, सगळे बिल्ले एका खाकी पिशवीत टाकले, आणि रोज सकाळी सगळ्यांदेखत पिशवीत हात घालून एकेक बिल्ला काढायला सुरुवात केली. ज्याचा आधी निघेल तो आधी ट्रक निवडणार. शेवटी उरलेले बिल्ले सिमेंटच्या कट्ट्यावर ओतून दाखवायचे, म्हणजे आपला बिल्ला पिशवीत होता की नव्हता हे ज्याचं त्यानं बघून घ्यावं. हा नियम बाबांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला होता.

एकदा माझ्या काकाला ताप होता. काका म्हणजे बाबांचा सख्खा भाऊ, त्याच टोळीत हमाल. तो हळूच म्हणाला, "आजच्या दिवस जरा बघ ना, दादा." बाबा म्हणाले, "पिशवीला ताप कळत नाही." काकाच्या वाट्याला सिमेंट आलं. मग दुपारी बाबांनी सदरा काढला आणि काकाच्या अर्ध्या गोण्या स्वतःच्या पाठीवरून उतरवल्या. मुकादमानं गोणी उचलायची पद्धत नसते. लोक हसले, पण त्या दिवसापासून पिशवीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

असा माणूस. नाकासमोर चालणारा. त्यानं सगळ्या आयुष्यात एकाच ठिकाणी लबाडी केली, आणि त्या लबाडीत मी भागीदार आहे.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाकटी पाच. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मी रडले, ओरडले, काकूला चावलेसुद्धा. धाकटी काहीच बोलली नाही. ती पलंगाखाली जाऊन बसली आणि तिथेच बसून राहायला लागली. खायला दिलं तर दोन घास खायची, हाक मारली तर बघायची. असे दीड-दोन महिने गेले. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, विसरेल. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला!

एका रविवारी बाबांनी एक बाहुली आणली. आडवी केली की डोळे मिटणारी. दोन आणण्याएवढे पैसे नव्हते. आणि मलाही ती हवी होती, हे बाबांना माझ्या तोंडावर दिसलं असणार. आई नसलेल्या घरात अकरा म्हणजे काही फार मोठं वय नसतं. बाबांनी बराच वेळ ती बाहुली नुसती हातात धरली. मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. म्हणाले, "चिठ्ठ्या टाकू. कुणावर अन्याय नको." दोन कागद, दोन नावं, पेल्यात घालून हलवले. धाकटीला पलंगाखालून काढून एक उचलायला लावली. माझं नाव निघालं.

तिनं आवाज केला नाही. परत पलंगाखाली गेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. मी बाहुली तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, "माझी नाही ती." आई गेल्यापासून ती बोललेले पहिले शब्द हेच.

तिसऱ्या दिवशी बाबांनी रंगीत खडूंची पेटी आणली आणि मला दाराबाहेर बोलावलं. "तुझं अक्षर चांगलं आहे. चिठ्ठ्या तू लिही," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन्हींवर तिचंच नाव लिही. आणि उरलेली लगेच तू उचल. उघडायची नाही. हरलेली चिठ्ठी उघडत नसतात असं सांग."

मी लिहिल्या. धाकटीनं उचलली, बाबांनी तिचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि ती हसली. खदाखदा नाही, पण हसली. बाबा मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. मला ऐकू येत होतं. मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. आजारी माणसाला औषध लागू पडल्यावर घरच्यांना वाटतं तसं.

पण एकदाचं औषध म्हणून दिलं ते रोजचं जेवण होऊन बसलं. खिडकीजवळ कोण झोपणार, नवं दप्तर कुणाला, रविवारी बाबांबरोबर बाजारात कोण जाणार, सगळ्याला चिठ्ठ्या. धाकटीच मागायची, "बाबा, चिठ्ठ्या टाका ना." तिला वस्तूपेक्षा चिठ्ठी उघडण्याचं वेड लागलं होतं. उघडायच्या आधी ती डोळे मिटून थांबायची, गाल लाल व्हायचे. आणि दर वेळी माझ्या अक्षरातलं तिचं नाव. मी दर वेळी तोंड पाडायची. हरणार हे माहीत असताना हरल्याचं नाटक करायचं, हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. बाबा मला मागाहून गुपचूप काहीतरी आणून द्यायचे, हिशेब बरोबर करायला. कपाटामागून काढून दिलेल्या वस्तूची मजा काय असते ते मला विचारा.

आठ वर्षांची झाल्यावर एकदा तिनं माझा हात धरला. "ताई, तुझी दाखव ना." मी चिठ्ठी तोंडात टाकली, चावली आणि गिळली. "हरणाऱ्यानं खायची असते," मी म्हणाले. तिला ते इतकं आवडलं की पुढे कितीतरी वेळा तिनं मला आग्रह करून चिठ्ठी खायला लावली. माझ्या पोटात त्या घराचा निम्मा कागद गेला असेल.

चौदाव्या वर्षी मी बंड केलं. म्हटलं, आता पुरे, या वेळी खरं लिहिणार. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझी शपथ आहे तुला. तिला आई नाही, निदान नशीब आहे असं तरी तिला वाटू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची." मलाही आई नव्हती. पण ते तेव्हा मला सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा म्हणण्यात अर्थ उरला नव्हता.

गोष्ट घरातल्या घरात राहिली असती तर कदाचित निभावलं असतं. पण बाबा मोठ्या कौतुकानं गोदामात सांगत सुटले, "आमच्या पिलूच्या हाताला यश आहे." दुपारी हमाल कट्ट्यावर पत्ते कुटत बसायचे, थोडेफार पैसे लावून. बाबा स्वतः पत्त्यांना शिवायचे नाहीत, पण शाळा सुटल्यावर धाकटी तिथे जाऊन बसली तर अडवायचेही नाहीत, कारण तिथे ती हसायची. हमालांनी तिचं नाव ठेवलं 'एक्का'. "एक्का, माझ्याजवळ बस. एक्का, माझ्या पानांना हात लाव." ज्याच्या पानांना हात लावला तो जिंकला तर तिला खाऊसाठी नाणं मिळायचं. तो हरला तर? तर कुणी काही बोलायचं नाही. आई नसलेल्या पोरीला कशाला वाईट वाटायला लावा! हरलेला माणूस मुकाट्यानं पानं गोळा करायचा आणि तिच्याकडे बघून हसायचा. भली माणसं होती सगळी. साठ-सत्तर भल्या माणसांनी मिळून त्या पोरीला हरणं म्हणजे काय ते दिसू दिलं नाही.

शाळेत ती मठ्ठ नव्हती. पण जिथे रोज थोडं थोडं करावं लागतं तिथे तिचा जीव रमायचा नाही. परीक्षेच्या आधी पुस्तकातल्या धड्यांच्या चिठ्ठ्या करायची आणि जे तीन निघतील तेवढेच वाचायची. एका वर्षी तिन्हींवर प्रश्न आले. त्या वर्षी गल्लीभर मिरवली. पुढच्या वर्षी एकावरही आला नाही आणि ती नापास झाली. बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा म्हणाले, "होईल पास. नशीब आहे तिचं." बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मीही तिथेच उभी होते, अळीमिळी गुपचिळी.

मग फोन आला. तेरा-चौदा वर्षांची असताना ती बाबांच्या फोनवर एक खेळ खेळायची. त्यात बंद पेट्या असायच्या. थोडे पैसे भरले की एक पेटी उघडायची, आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळायचं नाही. आत निघायचं काय, तर खेळातल्या बाहुलीला घालायचा झगा. मी म्हटलं, "अगं, झगाच हवा तर खराखुरा घे, अंगात तरी येईल." ती म्हणाली, "ताई, तुला नाही कळायचं. उघडायच्या आधीचं जे असतं ना, ते." मला कळत होतं. ते तिच्या गालांवर मी नऊ वर्षं बघत आले होते. फोनचे पैसे भराभर संपायला लागले, बाबा भरत राहिले. म्हणाले, खेळणंच आहे, दारू तर नाही ना पीत.

सोळाव्या वर्षी मैत्रिणीच्या मोठ्या भावाच्या नावानं तिनं फोनवरच सामन्यावर पैसे लावले, आणि जिंकली. थोडेथोडके नाही. माझा त्या वेळचा चार महिन्यांचा पगार. बाबांना टेकायला आरामखुर्ची आणली, मला मनगटी घड्याळ आणलं. मी रागावायला हवं होतं. मी घड्याळ घातलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हरला मुद्दाम मनगट पुढे करून पावती दिली. पहिल्यांदाच तिच्या जिंकण्यातलं काहीतरी उघडपणे माझ्या वाट्याला आलं होतं. मला आनंद झाला होता. याची मला आज जितकी लाज वाटते तितकी गिळलेल्या चिठ्ठ्यांचीही वाटत नाही.

त्यानंतरची सहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी सारखीच आहेत. जिंकली की घरात बोलबाला, हरली की दार बंद. ती हरत होती हे आम्हाला कळायलाच फार वेळ लागला, कारण हरल्यावर कसं वागतात हे तिला येतच नव्हतं. दुसरी माणसं हरली की हळहळतात, शिव्या देतात, कानाला खडा लावतात. ती फक्त चकित व्हायची. कुणीतरी चुकून तिची वस्तू दुसऱ्याला दिलीय आणि आत्ता परत आणून देईल, अशी वाट बघत बसायची. आणि वाट बघता बघता आणखी लावायची.

औषधाच्या दुकानात तिला गल्ल्यावर नोकरी लागली होती. तिथून एके दिवशी दुकानाचा मालक स्वतः चालत घरी आला. चांगला म्हातारा माणूस. त्यानं चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "गल्ल्यातून गेलेले आहेत, एकदा नाही, खूपदा. पोलिसात जाणार नाही. तुमच्याकडे बघून." बाबांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सगळं त्यात गेलं. तिला नोकरीवरून काढलं नाही, फक्त गल्ल्यावरून उठवून मागे गोळ्यांचे खोके लावायला ठेवलं. चार महिन्यांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा म्हातारा आला, या वेळी त्याचा मुलगाही बरोबर होता. मुलगा म्हणाला, "तिसऱ्यांदा झालं तर आमचा नाइलाज आहे. तिच्यावर उपचार करा. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात नीट गेली तर बघू."

म्हणून आम्ही तिघं दर बुधवारी दुपारी त्या केंद्रात जाऊ लागलो. सरकारी दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर एक खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, खिडकीत सुकलेली कुंडी. समुपदेशक मॅडम माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. घाई न करणाऱ्या. त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता.

"घरात कुणी पैसे लावून खेळायचं का?"

"नाही," बाबा ताठ बसून म्हणाले. "मी जन्मात पत्त्यांना हात लावलेला नाही."

"लहान वयात आई किंवा वडील गमावले?"

"आई. पाच वर्षांची होती."

"पहिल्यांदा पैसे कधी लावले?"

"सोळाव्या वर्षी," धाकटी म्हणाली.

"लहानपणी जिंकल्याची एखादी मोठी आठवण आहे?"

धाकटी हसली. "एखादी? मॅडम, लहानपणी मी हरल्याचं मला आठवतच नाही."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या चपलांकडे बघत होते.

पाचव्या बुधवारी मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाल्या, "आई लवकर जाते, आसपास खेळणारे असतात, कोवळ्या वयात मोठी रक्कम लागते. असं सगळं होऊनही खूप मुलं धड निघतात, त्यामुळे एकाच गोष्टीवर खापर फोडता येत नाही. पण तुमची बहीण ऐकते सगळं, मान डोलावते, आणि शेवटी म्हणते, सध्या नशीब रुसलंय. ती स्वतःला जिंकणारी समजते. हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला सापडत नाही. ते जोवर आहे, तोवर ती सोडेल आणि पुन्हा धरेल."

मला सापडलेलं होतं. माझ्याच अक्षरात होतं.

बाबा खाली बाकावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, पुढच्या बुधवारी मी सांगणार. चिठ्ठ्यांचं."

"तिला काय सांगशील? की तिचा बाप लबाड आहे?"

"तिचा बाप तिच्यावर जीव टाकत होता, असं सांगेन."

"ते एकच झालं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "शपथ घातली होती मी तुला."

"तिला बेड्या पडलेल्या बघायच्यात का तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही, पण पुढच्या बुधवारी ते आले. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर तुझंच नाव असायचं. मी लिहायची. उरलेली म्हणून मी गिळायची. पत्त्यांच्या डावात तू हात लावलास तरी लोक हरायचे, तुला दाखवायचे नाहीत. तू नशीबवान नव्हतीस, तू आमची लाडकी होतीस, एवढंच.

ती आधी हसली. "ताई, तू जळतेस माझ्यावर."

"जळतेच आहे. तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून. पण हे खरं आहे."

मग तिनं वळून बघितलं. "बाबा?"

बाबांनी मान खाली घातली आणि होकार दिला. माझ्या बापानं तोवर कुणापुढे मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

"दप्तराची?" तिनं विचारलं. "खिडकीची? सायकलची?" बाबा प्रत्येकाला मान हलवत गेले. विचारता विचारता तिचा आवाज बसत गेला. तिचे हात मांडीवर होते, आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. तिचा चेहरा मी चोवीस तास पाहिलेला, पण असा कधी पाहिला नव्हता. त्यावर कशाची वाट बघणं उरलं नव्हतं. मला तिची कीव आली, आणि खरं सांगते, त्याच वेळी मला आशाही वाटली. वाटलं, हीच ती पायरी. आता ही रडेल, आम्हाला शिव्या देईल, आणि मग हळूहळू आमच्यासारखीच एक माणूस होईल, कधी जिंकणारी, बहुतेकदा हरणारी. मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि हलकेच म्हणाल्या, "वेळ घ्या. घाई नाही."

"म्हणजे सगळ्या?" ती म्हणाली. "एकही खरी नव्हती?"

खरी एकच होती, बाहुलीची, आणि ती तिला आठवत नव्हती. मी हो म्हणणार होते. बाबांनी मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना ते सहन झालं नाही.

"सगळ्या नाही गं, पिलू," ते म्हणाले. "सहलीची खरी होती."

सहल म्हणजे ती नऊ वर्षांची असताना शाळेची तळ्याकाठी गेलेली सहल. माझ्या वर्गाची आणि तिच्या वर्गाची एकत्र, आणि पैसे एकीपुरते. त्या दिवशी सकाळी पायरीवर बसून मी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, कडेला दुमडून नीट फाडून, तिचं नाव दोनदा. मी त्या तळ्याचं पाणी आजवर पाहिलेलं नाही.

धाकटी माझ्याकडे वळली. "खरंच, ताई? ती तूच लिहिली होतीस ना?"

बाबाही माझ्याकडे बघत होते. साठ-सत्तर माणसांसमोर रोज पिशवी पालथी करून दाखवणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती. अकरा वर्षांत मी काट्यावर एक किलोही इकडचा तिकडे लिहिलेला नाही. ड्रायव्हरांनी पैसे पुढे केलेत, धमक्या दिल्यात. इथे कुणी काही दिलं नाही, कुणी धमकावलं नाही.

"हो," मी म्हणाले. "ती खरी होती."

तिनं पदरानं डोळे पुसले. पाणी प्यायली. थोडा वेळ टेबलाच्या कडेकडे बघत मनाशी काहीतरी मोजत राहिली, आणि मग तिच्या गालांवर हळूहळू रंग चढायला लागला.

"म्हणजे आयुष्यात खरी चिठ्ठी मी एकदाच उचलली," ती मॅडमना म्हणाली, "आणि तीही माझीच निघाली. बघा ना मॅडम, म्हणजे मी खरी कधी हरलेलीच नाही."

बाबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.